दोन पिस्तुले आणि अर्धी अर्धी इंगेबोर्ग

अस्वल अंगावर धावून आले तर माणसाच्या हातात नेमके कोणते हत्यार असावे? हा प्रश्न मला या वसंतात घरी, धक्क्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर आणि एकदा दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडे असताना विचारला गेला. मी वन्यजीवशास्त्राची पदवीधर आहे. मला याचे उत्तर देता येत नाही.

तरीही मी, मारित लूर्देस टॉर्व्हिक, वय तेवीस, राहणार ओल्ड कॅनरी पॉइंट, आग्नेय अलास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. प्रकृती उत्तम आहे, फक्त उजवे मनगट सुजले आहे, त्याचे कारण पुढे येईल. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही असे या ठिकाणी लिहायची पद्धत आहे. माझ्यावर दोन माणसांचा भरपूर दबाव आहे, पण तो या कागदाबद्दल नाही.

आमच्या घरात पहिल्यांदा रानात किंवा समुद्रावर हंगामाला निघणाऱ्याने आधी मृत्युपत्र लिहायचे, हा आजोबांचा नियम. आजोबांचा भाऊ काही न लिहिता बुडाला आणि त्याच्या बोटीच्या इंजिनावरून अर्धे गाव एकमेकांशी बोलेनासे झाले. ते इंजिन अजून आमच्या शेडमागे गंजत पडले आहे आणि ते कोणाचे, हे अजून ठरलेले नाही. माझ्या वडिलांचे, म्हणजे हाल्वर टॉर्व्हिक यांचे मृत्युपत्र एका ओळीचे आहे: "सगळं लूर्देसला द्यावं आणि ओदवारला माझ्या रिव्हॉल्व्हरला हात लावू देऊ नये." ओदवार हे माझे काका. त्यांच्या मृत्युपत्रातही हीच ओळ आहे, फक्त नाव आणि हत्यार बदलून. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, म्हणून कलमे पाडून लिहिते.

आज मी स्पून ओढ्यावर सरकारी मत्स्यखात्याच्या नोकरीला निघाले आहे. समुद्रातून ओढ्यात वर चढणारे सॅमन मोजायचे, हे काम. सॅमन खायला अस्वलेही येतात. त्यांना मोजणीचे काही वाटत नाही.

कलम पहिले. माझ्या पदवीचे प्रमाणपत्र आईकडे राहावे. तिने ते मोठ्या फ्रीझरच्या वर लावले आहे. घरी मासे न्यायला आलेल्या माणसाला झाकण उघडण्याआधी माझे नाव वाचावेच लागते. ही व्यवस्था माझ्या मागेही चालू ठेवावी.

कलम दुसरे. माझी पुस्तके गावच्या शाळेला द्यावीत. मांसाहारी प्राण्यांवरच्या जाड पुस्तकात समासात मी पेन्सिलीने लेखकाशी भांडले आहे. ते खोडू नये. पुढच्या मुलीला कळू दे की छापलेल्या माणसाशीही भांडता येते.

कलम तिसरे. शेजारचे कॉब यांना माझे मोजणीचे बटणयंत्र द्यावे. मासा गेला की दाबायचे आणि आकडा पुढे सरकतो, ते. मी पदवी घेऊन आले त्या दिवशी त्यांनी भर धक्क्यावर विचारले होते, "पोरी, मासे मोजायला कॉलेज लागतं व्हय? आम्ही बोटांवर मोजतो." मी तेव्हा गप्प बसले, कारण त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे दोर ओढण्याच्या यंत्रात गेलेली आहेत आणि मला सभ्य राहायचे होते. त्यांनी ओढ्यात पावसात उभे राहून एक सबंध भरती मोजून दाखवावी. मग आम्ही दोघे सुटलो.

कलम चौथे. अस्वलामुळे माझा मृत्यू झाला तर त्या अस्वलाला काहीही करू नये. मी त्याच्या घरी गेले होते, ते माझ्या घरी आलेले नव्हते. त्याचा माग काढू नये, त्याला मारू नये, आणि खात्याला मारावेच लागले तर त्याचे कातडे कचेरीच्या भिंतीवर लावून खाली माझ्या नावाची पाटी ठोकू नये. आईला हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती.

"म्हणजे त्याने तुला खावं आणि मी त्याला 'पुन्हा या' म्हणावं?"

"आई, ते त्याच्या स्वभावाप्रमाणे वागेल."

"मग मीही माझ्या स्वभावाप्रमाणे वागेन," आई म्हणाली आणि शेंग अशी सोलली की मी विषय बदलला.

आईची स्वतःची पद्धत वेगळी आहे. बोरे वेचायला जाताना ती गळ्यात लाउडस्पीकर अडकवून प्रेमगीते गाते. तिच्या आवाजाबद्दल मी मुलगी म्हणून काही लिहीत नाही. एवढेच नोंदवते की ती ज्या टेकडीवर जाते तिथे अस्वल काय, कावळाही दिसत नाही.

कलम पाचवे. आता मुख्य मालमत्ता.

माझ्या नावावर घरातून आलेल्या दोन हातबंदुका आहेत. दोन्ही मला नोकरी लागली त्या आठवड्यात, साक्षीदारांसमोर, भेट म्हणून मिळाल्या. पहिले वडिलांचे चव्वेचाळीस कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर. ते एका हाताने धरले की दुसरा हात आपोआप मदतीला जातो. दुसरे काकांचे दहा मिलिमीटरचे पिस्तूल. वडिलांनी दिले हे कळल्यावर काका संध्याकाळी जेवणाच्या वेळी ते टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आले आणि हरणाच्या अडोबोच्या, म्हणजे आईच्या फिलिपिनो रश्श्याच्या, भांड्याशेजारी ठेवले.

दोघे भाऊ एकाच बोटीवर मासेमारी करतात. बोटीचे नाव इंगेबोर्ग, निम्मी वडिलांची, निम्मी काकांची. जाळे, हवा, डिझेल, माशांचा भाव यावर ते एकमेकांशी बोलतात. बंदुकीचा विषय निघाला की मध्ये मी लागते.

"सांग तुझ्या काकाला," वडील म्हणाले, "माझ्या एका गोळीत अस्वल आडवं होतं."

"सांग तुझ्या बापाला," काका म्हणाले, "झाडणाराही होतो. माझ्यात पंधरा गोळ्या बसतात."

"विचार त्याला, पंधरा वेळा चुकायची सोय कशाला लागते?"

"त्याला म्हणावं, ओल्या हाताने ती तोफ उपसेपर्यंत अस्वल जेवून हात धुऊन जाईल."

"दोघांना विचार," आई म्हणाली, "भात कोणाला हवाय?"

इथपर्यंत घरातले नेहमीचेच होते. पण भात वाढून झाल्यावर वडील चमचा खाली ठेवून म्हणाले, की मारित ओदवारचे पिस्तूल घेऊन ओढ्यावर गेली तर मी इंगेबोर्गचा माझा अर्धा हिस्सा विकून टाकीन. काका म्हणाले, ती हाल्वरचे रिव्हॉल्व्हर घेऊन गेली तर माझा अर्धा आधी विकला जाईल. दोघांपैकी कोणीही हसले नाही. इंगेबोर्ग माझ्या आजीच्या नावाची आहे. मला कॉलेजात पाठवले ते तिच्यावर धरलेल्या माशांनी. मी कोणतेही हत्यार उचलले तरी बोटीचे दोन तुकडे होणार होते, आणि हत्यार न उचलता खाते मला ओढ्यावर जाऊ देणार नव्हते. मिरचीचा फवारा खाते देते आणि पहिला हात त्याच्याकडेच जावा अशी माझी श्रद्धा आहे, पण वारा तोंडावर असला तर फवारा आपल्यालाच लागतो, म्हणून दुसरे साधनही बरोबर हवे असा त्यांचा नियम आहे.

निकाल लावायचा म्हणून दोघांनी रविवारी किनाऱ्यावर प्रात्यक्षिक ठेवले. जुन्या तपकिरी गालिच्यात बोटीचे फुगे भरून त्यांनी एक अस्वल केले आणि ते मासे ओढायच्या घसरगाडीवर बांधले. गाडीचा दोर नेमबाजाच्या मागे असलेल्या खांबावरून फिरवून आईच्या चारचाकी मोटारसायकलला जोडला. आईने गाडी बाजूला पळवली की अस्वल समोरून अंगावर येणार. पलीकडे उघडा समुद्र, म्हणून गोळी कोणाला लागायचा प्रश्न नव्हता. कॉब खुर्ची घेऊन आले होते.

"लूर्देस, हळू आण हां," वडील म्हणाले.

"अस्वल हळू येतं का?" आई म्हणाली आणि तिने गाडी सोडली.

वडिलांच्या पाचही गोळ्या समुद्रात गेल्या. त्यानंतर अस्वल वडिलांना लागले. ते वाळूत बसले आणि म्हणाले, की त्याचा वेग नैसर्गिक नव्हता. मग काका उभे राहिले. त्यांची पहिली गोळी गालिच्याच्या कोपऱ्याला लागली, दुसरी सुटलीच नाही. पिस्तूल अडकले. काकांनी हिवाळ्यात त्याची स्प्रिंग काढून स्वतःच्या हाताने जास्त कडक बसवली होती. काका पिस्तुलाला शिव्या देत होते, पिस्तूल ऐकत नव्हते, आणि अस्वल येतच होते. ते त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबले, कारण आईने गाडीची चावी बंद केली.

"झालं?" तिने विचारले. "माझी इस्त्री राहिलीय."

कॉब यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना दोघे भाऊ किनाऱ्याच्या दोन बाजूंनी चालत आले.

कलम सहावे. खात्याची नेमबाजीची परीक्षा खडीच्या खाणीत असते आणि ती बर्नाडेट प्रुइट बाई घेतात. त्या माझ्या वरिष्ठ आहेत. पहिल्यांदा मी वडिलांचे रिव्हॉल्व्हर नेले. प्रुइट बाईंनी ते हातात घेऊन डोळ्यासमोर धरले, खाली केले, पुन्हा धरले.

"पोरी, याची माशी कुठाय?"

नळीच्या टोकावर नेम धरायला असतो तो उंचवटा म्हणजे माशी. वडिलांनी ती कानशीने घासून सपाट केली होती. म्यानातून उपसताना ती कपड्यात अडकते आणि जवळच्या अस्वलावर नेम धरायला वेळ कुठे असतो, म्हणून आमच्या किनाऱ्यावर काही माणसे असे करतात. वडिलांनी मला ते देण्याच्या आदल्या संध्याकाळी, खास माझ्यासाठी, बसून घासले होते. माझ्या जन्माच्या वेळी पाळणा घासला तितक्याच काळजीने, असे आई म्हणाली. मी नेम न धरता गोळ्या झाडल्या. डोळेही मिटत होते. मनगट सुजले ते तेव्हाच. टेकडीला सगळ्या लागल्या.

दुसऱ्यांदा काकांचे पिस्तूल नेले. त्याची मूठ माझ्या हातात पुरी मावत नाही आणि कडक स्प्रिंगमुळे ते दुसऱ्याच गोळीला अडकले. प्रुइट बाईंनी कानांवरची झाकणे काढून गळ्यात अडकवली.

"तिसऱ्या वेळी तुझ्या घरचं काहीही आणू नकोस," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा चुकलीस तर मला दुसरा माणूस पाठवावा लागेल. मासे थांबत नाहीत."

मग मी होडीने जिल्ह्याच्या गावी गेले आणि दुकानात शिरले. दुकानदाराने विचारले, "सगळ्यांत ताकदवान दाखवू का?" मी म्हणाले, मला सगळ्यांत ताकदवान नको, माझे हवे. मी बरोबर ओला हातमोजा नेला होता. तो घालून, डोळे मिटून, मी एकेक हत्यार उचलून पाहिले. बोट घोड्यापर्यंत ओढून ताणून न्यावे लागत नाही ना. हात थरथरत नाही ना. झाडल्यावर पुढची गोळी झाडायला माझे मनगट जागेवर उरेल ना. शेवटी तीनशेसत्तावन्नचे, म्हणजे वडिलांच्या गोळीहून लहान गोळीचे, एक जुने, मधल्या आकाराचे रिव्हॉल्व्हर हातात असे बसले की मी डोळे उघडले. त्याबरोबर छातीवर बांधायचे चामडी म्यान घेतले. ओढ्यात पाय घसरून बसकण मारली, पाठीवर पिशवी असली, वरून पावसाळी कोट असला, तरी तिथे हात पोचतो. अंगावर धावून आलेल्या अस्वलापुढे तेवढ्याने भागेल का, हे मला माहीत नाही. पण त्याची माशी शाबूत आहे आणि झाडताना माझे डोळे उघडे असतात. परवा मी उत्तीर्ण झाले.

हे तिसरे हत्यार माझ्या मागे स्पून ओढ्यावर माझ्या जागी जो कोणी मासे मोजायला येईल त्याला किंवा तिला, हातात बसत असेल तर, द्यावे. तोवर रानात त्यातून एकही गोळी सुटलेली नसावी, अशी माझी इच्छा आहे.

हे मी घरी अजून सांगितलेले नाही. सांगितले असते तर वडिलांना वाटले असते की काकांनी माझे मन फिरवले, आणि काकांना वाटले असते की वडिलांनी. दोघांचे हिस्से एकाच दिवशी विकायला निघाले असते. म्हणून पुढची दोन कलमे.

कलम सातवे. वडील आणि काका या दोघांना मिळून, सारख्या हिश्शाने, मी स्पून ओढ्यावरची खरी हकिकत देते.

मी सहावीत असताना दोघे मला त्या ओढ्यावर घेऊन गेले होते. तिथे त्यांना अस्वल भेटले. पुढे काय झाले हे गावाला पाठ आहे. वडिलांच्या सांगण्यात ते रिव्हॉल्व्हरच्या एका बारालाच वळले. काकांच्या सांगण्यात पिस्तुलाच्या तीन बारांनी. दोघांनीही वेगवेगळे मला विचारले होते, "तू पाहिलंस ना, बाळ?" आणि मी दोघांनाही म्हणाले होते, "हो, पाहिलं." ते खरेच आहे. मी होडीत बसून सगळे पाहिले. काय पाहिले, हे पुढे कोणी विचारले नाही.

एकही बार उडाला नाही. वडिलांचे रिव्हॉल्व्हर डब्याच्या बादलीत, सँडविचखाली होते. काकांचे पिस्तूल त्यांच्या रबरी विजारीच्या आत होते आणि विजारीचे पट्टे खांद्यावरून आवळलेले. अस्वल झुडपातून बाहेर आले तेव्हा दोघांनी हात पुढे केले आणि त्या हातांना जे पहिले सापडले ते धरले. ते म्हणजे दुसरा भाऊ. दोघे एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे राहिले आणि आजीने शिकवलेले नॉर्वेजियन भजन पूर्ण आवाजात ओरडू लागले, कारण तेवढेच दोघांना एकदम आठवले. अस्वलाने ते चार पायांचे, दोन डोक्यांचे आणि बेसूर जनावर थोडा वेळ पाहिले. मग ते निघून गेले. दोघांनी नंतरही एकमेकांना लगेच सोडले नाही. काका रडत होते. वडील त्यांच्या पाठीवर थापटत म्हणत होते, "आहे रे मी, आहे."

शास्त्रज्ञ म्हणून मला एकाच प्रसंगावरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण आमच्या घराण्यात अस्वलाविरुद्ध आजवर चाललेला उपाय हा एकच आहे. त्याच्यावरून कोणी बोट विकू नये.

कलम आठवे. आता वाटणी. वडिलांनी मला दिलेले रिव्हॉल्व्हर मी ओदवार काकांना देते. काकांनी मला दिलेले पिस्तूल मी वडिलांना देते.

हे रागाने केलेले नाही. वडिलांच्या रिव्हॉल्व्हरला नवी माशी बसवायला पितळ वितळवून बारीक जोड देता आला पाहिजे, आणि आमच्या धक्क्यावर ते काम काकांइतके नीट कोणाला जमत नाही. काकांच्या पिस्तुलाची स्प्रिंग मूळच्या ताणावर आणायला हलका हात हवा. आजीचे बंद पडलेले घड्याळ चालू केले तो हात वडिलांचा. प्रत्येकाचे हत्यार दुरुस्त करू शकणारा माणूस दुसराच आहे. दुरुस्ती झाल्यावर दोघांनी आपापसांत अदलाबदल करून घ्यावी, अशी मुभा मी देते. त्यासाठी एकमेकांशी बोलावे लागेल. निरोप न्यायला मी नसेन, आणि आईने सांगितले आहे की तिला इस्त्री असते.

कायद्याप्रमाणे मृत्युपत्र माणूस मेल्यावर अमलात येते. मला इतका वेळ नाही. इंगेबोर्ग दुपारच्या ओहोटीबरोबर हंगामावर निघते आणि पहिल्या जाळ्यानंतरच परत येते. आज सकाळी वडील आणि काका डिझेल भरताना वाऱ्यावरून वाद घालत होते, तेव्हा मी बोटीत उतरले. वडिलांचे रिव्हॉल्व्हर रिकामे करून काकांच्या बिछान्यावर, उशीखाली ठेवले आहे. काकांचे पिस्तूल रिकामे करून वडिलांच्या. गोळ्या चहाच्या डब्यात आहेत, आणि त्या डब्यावर या मृत्युपत्राची वाटणीपर्यंतची नक्कल चिकटवली आहे. संध्याकाळच्या चहापर्यंत ते कोणाच्या ध्यानात येणार नाही. तोवर किनारा दिसेनासा झालेला असेल, आणि बोटीवरून चालत घरी येता येत नाही.

सही: मारित लूर्देस टॉर्व्हिक

साक्षीदार: बर्नाडेट प्रुइट, मत्स्यखाते. (यांना या मालमत्तेतले काहीही नको आहे, असे त्यांनी दोनदा सांगितले.)

साक्षीदार: डॅनिका पेत्रॉफ, समुद्रविमान चालक. (विमानाच्या पंखावर कागद ठेवून सही केली. "लवकर लिही, वारा वाढतोय," असे म्हणाल्या.)

स्थळ: विमानाचा धक्का, ओल्ड कॅनरी पॉइंट. इंगेबोर्ग आत्ताच समोरून बाहेर पडली. दोघांनी हात हलवले, मीही हलवला.

दिनांक: २० जून २०१९